गाण्याचा पिनकोड

शुक्रवार हा एकेकाळी संतोषीमातेच्या उपासाचा आणि नव्या सिनेमाचा वार होता. आता तो माझ्या पोटापाण्याचाही वार झाला आहे. जुलै २०१५मध्ये जगभरच्या रेकॉर्ड कंपन्यांनी आपसांत ठरवून टाकलं, की यापुढे नवा अल्बम कुठल्याही देशात शुक्रवारीच बाजारात यायचा. त्याआधी ब्रिटनमध्ये सोमवार, अमेरिकेत मंगळवार, असा ज्याचा त्याचा वार असायचा. आता गुरुवारी रात्री बारा वाजून गेले, की फोनच्या पडद्यावर नव्या गाण्यांची रांग लागते आणि शनिवार सकाळपर्यंत त्यातल्या कशावर तरी आठशे शब्द लिहून द्यायचे असतात. इंडी, इलेक्ट्रॉनिक, हिपहॉप हे माझ्या वाट्याला आलेलं खातं. घरात याला ‘तुझं ते धडामधुडुम’ म्हणतात. ते अगदीच चुकीचं नाही.

गाण्यांच्या आधी प्रसिद्धिपत्रकं येतात. प्रत्येक पत्रकात हा कलाकाराचा ‘आजवरचा सर्वांत वैयक्तिक’ अल्बम असतो. पहिला तसा असतो, चौथाही तसाच असतो. या हिशेबाने दहाव्या अल्बमपर्यंत माणूस पुरता उघडा पडायला हवा. झाडून सगळी गाणी ‘चौकटी मोडणारी’ असतात. पत्रक वाचून झालं, की मी ते बाजूला ठेवते आणि हेडफोन चढवते. जगभरात रोज लाखाच्या आसपास नवी गाणी स्ट्रीमिंगवर चढतात, असं या धंद्याची मोजदाद करणारेच सांगतात. एवढ्या गर्दीत चांगलं-वाईट ठरवण्याआधी मी एकच गोष्ट बघते. या गाण्याला पत्ता आहे का? कुणाच्या घरातून, कुठल्या रस्त्यावरून ते आलं, हे ऐकताना कळतं का? चाल, शब्द, मिक्सिंग यांवर नंतर भांडता येतं. पत्ताच नसेल तर भांडायला दार सापडत नाही.

मुंबईच्या हिपहॉपवाल्यांनी माझं काम फारच सोपं करून ठेवलं. त्यांनी पत्ता सरळ गाण्यातच घातला. डिव्हाइन बोलता बोलता ‘५९’ म्हणतो, ते अंधेरी पूर्वचं ४०००५९. नेझीचं ‘बॉम्बे ७०’ म्हणजे कुर्ला, ४०००७०. धारावीची पोरं ‘१७’ सांगतात. हे सहा आकडी प्रकरण १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झालं आणि ते ज्यांनी बसवलं ते श्रीराम भिकाजी वेलणकर नुसते टपालखात्यातले अधिकारी नव्हते, संस्कृतात कविता आणि नाटकं लिहिणारे पंडित होते. आपल्या आकड्यांवर कुर्ल्याची मुलं यमक जुळवतील हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. पण एका कवीची करामत शेवटी कवींच्याच हाती लागली, याचं मला बरं वाटतं.

आणि पिनकोडच का, यालाही कारण आहे. वस्तीतल्या घराचा पत्ता सांगायला जा. अमक्या चाळ कमिटीच्या मागे, तमक्या किराणा दुकानासमोरची बोळ, नळाजवळ. घराच्या नावाचा कागद असेल-नसेल, इमारतीला पाटी नसते. पिनकोड मात्र सरकारने मलबार हिलला दिला तसाच धारावीलाही दिला. त्यात कमी-जास्त नाही. सरकारी पत्त्यातला तेवढाच भाग या मुलांना पूर्ण मालकीने उच्चारता येतो.

२०१४ साली नेझीने ‘आफत!’ केलं, ते वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर. रेकॉर्डिंगही त्यावर, व्हिडिओही त्यावर. पुढच्या वर्षी तो आणि डिव्हाइन यांचं ‘मेरे गली में’ आलं. फेब्रुवारी २०१९मध्ये झोया अख्तरचा ‘गली बॉय’ आला आणि गल्लीला भाव चढला. फोनवाले, बूटवाले, शीतपेयवाले, सगळ्यांना जाहिरातीत एक रॅपर हवा झाला. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या फोटोंत एक रंगवलेली भिंत, अर्धं ओढलेलं शटर आणि कठड्यावर बसलेली चार पोरं हमखास असतात. जाहिरातीतली गल्ली सेटवर उभारलेली असते, त्यामुळे तिला गटार नसतं. म्हणजे पत्ता हाही एक पोशाख होऊ शकतो. आकडा काय, कुणालाही उच्चारता येतो. तो नुसता सांगितलाय की ऐकू येतोय, एवढंच मग बघायचं उरतं.

ऐकू येणारा पत्ता कसा असतो? भांडुप पश्चिमेला, टेकडीवर चढत गेलेल्या वस्तीतला एक मुलगा मला त्याची गाणी पाठवतो. वय एकोणीस-वीस. दिवसा कुरिअरचं काम, रात्री लॅपटॉप. याचा आकडा ७८. घर म्हणजे एक खोली आणि वर पोटमाळा. पोटमाळ्यावर ‘स्टुडिओ’, म्हणजे एफएल स्टुडिओ हे क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर, एक माइक आणि आवाज घुमू नये म्हणून लाकडी पट्टीवर ठोकलेल्या दोन गोधड्या. खाली आजी झोपलेली असते. दिवसभर घर आणि गल्ली जागी, त्यामुळे रेकॉर्डिंग रात्री एकनंतर. ओरडायची सोय नाही. त्याच्या रॅपमध्ये एक दबलेली, दातांआड धरून ठेवलेली धार आहे, अक्षरं तोंडात फुटायच्या आधी दाबली जातात आणि मग एकदम सुटतात. ती सगळी आजीच्या झोपेची देणगी आहे. मोठ्या स्टुडिओत, काचेआड उभा राहून तो हे करू शकला नसता. करायची गरजच पडली नसती.

मी एकदा त्याच्याकडे गेले होते. त्याचं नवं गाणं मी येतानाच फोनवर ऐकलं होतं, तसं त्याला सांगितलं, तर त्याचं तोंड उतरलं.

“ताई, फोनवर नाय ऐकायचं. खाली चला, दादाच्या रिक्षात लावतो.”

दादाची रिक्षा उतारावर दगड लावून उभी होती. मागच्या सीटच्या पाठीशी प्लायवूडच्या खोक्यात एक मोठा स्पीकर, वर दोन छोटे. दादाने गाडी चालू केली. मी म्हटलं, इंजिन बंद करा, नीट ऐकू येईल. दोघेही माझ्याकडे बघायला लागले. “इंजिन चालू असताना शब्द कळले पाहिजेत, तर मिक्स बरोबर. बंद गाडीत कोण ऐकतं?”

मग गाणं सुरू झालं आणि फोनवर जे नव्हतंच ते पाठीतून वर आलं. हिपहॉपमधला खालचा ठोका, ज्याला ही मुलं ‘एटोएट’ म्हणतात, तो कानांपेक्षा हाडांना आधी कळतो. पन्नास हर्ट्झच्या आसपासचा तो आवाज फोनच्या इवल्याशा स्पीकरला झेपत नाही. रिक्षात मात्र सीटचं रेक्झिन थरथरायला लागलं, ताडपत्रीचं बक्कल लोखंडी दांडीवर किणकिणायला लागलं. मधला सगळा पट्टा इंजिनाच्या घरघरीने भरलेला. पोराने ठोका त्याच्या खाली ठेवला होता आणि स्वतःचा आवाज त्याच्या वर. चढणीला गिअर बदलला की इंजिनाचा सूर बदलतो. तेवढीही जागा त्याने सोडली होती. हे कुठल्या संगीताच्या शाळेत शिकवत नाहीत. लॅपटॉपवर मी दहा वेळा ऐकलं असतं तरी ‘मधला भाग पोकळ वाटतो’ असंच लिहिलं असतं. तो पोकळ नव्हताच, तिथे रिक्षा होती.

त्या ‘एटोएट’लाही स्वतःची गोष्ट आहे. जपानच्या रोलँड कंपनीने १९८०मध्ये टीआर-८०८ नावाचं ताल वाजवणारं यंत्र काढलं. त्यातले ढोल ढोलासारखे वाजत नव्हते, टाळ्या टाळ्यांसारख्या वाजत नव्हत्या. साधारण बारा हजार यंत्रं निघाली आणि तीन वर्षांत उत्पादन बंद पडलं. मग ती सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळायला लागली आणि ज्यांना खरा ड्रमसेट परवडत नव्हता, ठेवायला जागाही नव्हती, अशा अमेरिकी शहरांतल्या मुलांच्या हाती पडली. खोटा ढोल म्हणून जो नापास झाला, तोच पुढे खरा ठोका ठरला. आज मूळ यंत्र संग्राहकांच्या कपाटात आहे आणि त्याचा आवाज भांडुपच्या पोटमाळ्यावर.

आता यातली गुंतागुंत. बीट कुणाचा, असं मी त्याला विचारलं. “यूट्यूबवरून घेतला. कोणतरी पोलंडचा आहे.” याला ‘टाइप बीट’ म्हणतात. कुठल्याशा देशातला एखादा मुलगा अमक्या-तमक्या स्टारच्या धाटणीचे बीट करून ठेवतो, काही डॉलरला वापरायचा परवाना देतो, त्यावर जगातली शेकडो पोरं आपापली गाणी करतात. म्हणजे आवाज ७८चा आणि जमीन पोलंडची. पत्ता-पत्ता करणाऱ्या माझ्यासारखीची इथे पंचाईत व्हायला हवी. पण त्याने त्या बीटमधला टिकटिक करणारा हायहॅट काढून टाकला होता आणि त्या जागी पोटमाळ्यावर, डोक्याला लागतो त्या पत्र्यावर बोटांनी वाजवलेला ठेका घातला होता. दोन बोटं आणि एक अंगठी. अंगठीचा तो बारीक टण् गाण्यात दर चार मात्रांनी येतो. पत्ता म्हणजे सोवळं नव्हे. बाहेरचं आत घेताना तुमच्या हाताशी काय होतं आणि तुम्ही काय बदललंत, त्यावरून तो कळतो.

या गाण्याला वर्षभरात हजार ऐकणारे मिळाले नाहीत, आणि स्पॉटिफायच्या २०२४पासूनच्या नियमाप्रमाणे बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला एक पैसाही मिळत नाही. शिवाय तीस सेकंद ऐकलं तरच ‘ऐकलं’ अशी नोंद होते. म्हणून हल्ली बरेच जण पहिल्या सेकंदापासून गायला लागतात. आलाप, तोंडओळख, वाद्यांची चुळबुळ, काही नाही. दार उघडताच यजमान बोलत सुटलेला.

मराठीत रॅपवर काहीही लिहिलं, की संपादकांना एक वाक्य हवं असतं: रॅप म्हणजे आजचा पोवाडा. मी ते लिहून देत नाही. पोवाड्यात शाहीर दुसऱ्याचा पराक्रम सांगतो, अफझलखानाचा वध किंवा तानाजीने सर केलेला सिंहगड. मागे झीलकरी असतात, ते त्याच्या दमात दम मिसळतात. रॅपर एकटा असतो आणि गोष्ट बहुतेकदा त्याची स्वतःची. नातं लावायचंच असेल तर कलगी-तुऱ्याशी लावा. दोन फड समोरासमोर, एक शक्तीला मोठं मानणारा, दुसरा शिवाला. एकाने कोडं घालायचं, दुसऱ्याने जागच्या जागी बांधून उत्तर द्यायचं, आणि लोकांनी मध्ये बसून दोघांनाही पेटवायचं. रॅपमधली ‘बॅटल’ ज्याने पाहिली असेल, त्याला हा मामला लगेच ओळखीचा वाटेल. पण संपादकांना पोवाडाच हवा असतो, कारण तो शाळेच्या पुस्तकात असतो.

पोवाड्याची झूल न पांघरताही मराठी रॅप काय करू शकतो ते स्वदेसी या मुंबईच्या गटाने दाखवलं आहे. त्यांचं ‘द वारली रिव्होल्ट’ २०१९मधलं. त्यात एमसी मवाली आणि एमसी तोडफोड यांच्याबरोबर आरेच्या केलटीपाड्यातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. भोईर रॅपर नाहीत आणि गाण्यात ते तसं सोंगही आणत नाहीत. ते आपल्या जागेवर उभे राहून गातात आणि बीटला त्यांच्याकडे चालत जावं लागतं. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरच्या रात्रीपासून मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत करवती चालल्या आणि दोन हजारांहून जास्त झाडं पडली. गाणं त्याआधीच आलं होतं. बातमीच्या मागे धावून केलेलं गाणं आणि जिथे बातमी घडणार त्या पाड्यातून आलेलं गाणं, यांतला फरक त्या रात्री मला पुरेपूर कळला.

तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, गुजरातीतही रॅप करायचा. मुंबईची गुजराती म्हणजे शेअरबाजार आणि नवरात्र, एवढीच आपल्याला ठाऊक. ती गिरणगावच्या वळणाची, रस्त्यावरची भाषा म्हणून ऐकायची सवय नव्हती. तो मार्च २०२२मध्ये गेला, वय चोवीस. त्याचा ‘ट्रुथ अँड बास’ नुकताच आला होता. माझं परीक्षण मृत्युलेखातच मिसळून गेलं.

खरं तर आपल्याकडच्या गाण्याला शुक्रवार कधी माहीतच नव्हता. मराठी कॅसेटचं स्वतःचं पंचांग होतं. गणपतीची गाणी गणपतीच्या आधी, कोळीगीतं आणि हळदीची गाणी लग्नसराईच्या तोंडावर, भीमगीतं १४ एप्रिलच्या आधी. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेट मांडलेल्या असायच्या, मग सीडी आल्या, मग पेनड्राइव्ह. वामनदादा कर्डकांचे शब्द, प्रल्हाद शिंद्यांचा गळा, त्यांच्यामागे आनंद आणि मिलिंद. या गाण्यांना आपण कुठे वाजणार हे जन्मतःच माहीत असायचं. मंडपावरच्या कर्ण्यातून, ट्रकवरून, मांडवाच्या खांबाला बांधलेल्या भोंग्यातून. कर्ण्याला खालचा आवाज येत नाही, वरचाही धड येत नाही, मधलाच तेवढा लांब जातो. म्हणून या रेकॉर्डिंगमध्ये ढोलकी टणक, कीबोर्ड तीक्ष्ण आणि गळा सगळ्यांच्या वर, खडा. प्रल्हाद शिंद्यांचा शब्द न् शब्द दोन गल्ल्या पलीकडे कळायचा, तो आवाजाच्या देणगीने आणि अशा जुळणीनेही. भांडुपच्या पोराने रिक्षासाठी जे केलं, तेच हे लोक कर्ण्यासाठी करत होते. त्यावर कुणी समीक्षा लिहिली नाही, ही गोष्ट वेगळी.

तीच गाणी आता डॉल्बीवर वाजतात. सांगली-कोल्हापूरकडच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेली ती स्पीकरची भिंत, समोर लेझरचा प्रकाश, मागे डेसिबल मोजायचं यंत्र घेतलेला हवालदार. रस्त्यालगत राहणारी बाई म्हणून मी त्या रात्री खिडक्या लावून घेते आणि शिव्याही देते. धंद्यातली बाई म्हणून मात्र मला कबूल करावं लागतं, की महाराष्ट्रात इलेक्ट्रॉनिक संगीताचा सर्वांत मोठा श्रोतृवर्ग या भिंतीसमोर नाचतो. आम्ही मात्र ‘इलेक्ट्रॉनिक’ म्हटलं की लोअर परळकडे बघत आलो. तिथल्या गिरणीच्या आवारात २००७मध्ये ब्लूफ्रॉग उघडलं, उत्तम काम केलं, २०१६मध्ये बंद झालं, त्यावर आम्ही भरभरून हळहळलो. एप्रिलच्या मिरवणुकीसाठी भीमगीताचा नवा रिमिक्स करणाऱ्या डीजेचं नावही आमच्या पानावर येत नाही. त्याला त्याचं काही वाटत असेल असंही नाही.

शब्द असले की पत्ता सांगणं सोपं. नुसत्या यंत्राच्या संगीताचं काय? यावर माझं उत्तर चरणजित सिंग यांच्यापाशी सुरू होतं. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गिटार, बास, सिंथेसायझर वाजवणारे हे वादक. १९८२मध्ये त्यांनी एचएमव्हीसाठी एक रेकॉर्ड केली: ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग आणि साथीला रोलँडचीच तीन यंत्रं, वर सांगितलेलं ८०८, बास वाजवणारं टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८. तो डिस्कोचा जमाना होता, नाझिया हसनचं गाणं घराघरांत वाजत होतं, त्याच साली ‘डिस्को डान्सर’ आला. रेकॉर्ड मात्र चालली नाही. पुढे पाच वर्षांनी शिकागोच्या फ्यूचर या गटाने त्याच ३०३ यंत्राची बटणं पिळून ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढलं आणि अ‍ॅसिड हाउस नावाचा प्रकार जन्मला. चरणजितांची रेकॉर्ड २००२मध्ये एका डच संग्राहकाला दिल्लीत सापडली, २०१०मध्ये पुन्हा निघाली आणि युरोपभर एकच गलका झाला: हे तर शिकागोच्या आधीचं अ‍ॅसिड हाउस!

हे कौतुक मला कधी गोड लागलं नाही. पाकिटावर दुसऱ्याचंच नाव घालून पत्र पोचवल्यासारखं ते होतं. चरणजित अ‍ॅसिड हाउस करत नव्हते. सकाळ-संध्याकाळ फिल्मी ध्वनिमुद्रणात वेळेवर नोटेशन वाजवणारा एक कसलेला वादक आपल्या नव्या यंत्रांतून राग काढता येतो का ते बघत होता. ३०३मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची एक सोय आहे. शिकागोच्या पोरांना त्यात नशेची घेरी ऐकू आली, मुंबईच्या वादकाला मींड. यंत्र श्रुती जाणत नाही, बारा सुरांच्या कप्प्यांतच ते बसवलेलं. तरीही तोडीचा कोमल गंधार तिथे हलतो की नाही यासाठी त्याने बटणांशी झटापट केली आहे, आणि कुठे कुठे तो खरंच हलतो. कुठे नाही हलत. ती हार-जीत ऐकणं हीच त्या रेकॉर्डची मजा. शब्द एकही नाही, पण हे काम मुंबईच्या फिल्मी ध्वनिमुद्रणाच्या दालनाबाहेर कुठे होऊच शकलं नसतं. चरणजित २०१५मध्ये गेले. त्याआधी काही वर्षं युरोपातल्या मंचांवर त्यांच्या निम्म्या वयाच्या पोरांनी त्यांना डोक्यावर घेतलं. त्याचा आनंद आहेच.

आता उलटा प्रवासही चालू आहे. २०२४मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीकडून आलं. बैठक हाउसची, तोंड अस्सल मराठी. सुरुवातीला वाटलं, गंमत आहे, आठवडाभर टिकेल. मग ते हळदीत वाजलं, जिममध्ये वाजलं, परदेशातल्या डीजेंनी वाजवलं. त्यात अर्थापेक्षा नाद जास्त आहे अशी तक्रार मी ऐकली आहे. पण हाउसमध्ये गळा हा तालवाद्यासारखाच वापरतात, आणि आपल्या ट-ड-ळ-म या अक्षरांइतकं चांगलं तालवाद्य शोधून मिळणार नाही. मला त्यात खटकतं ते दुसरंच. त्याच्या यशानंतर माझ्याकडे प्रत्येक शुक्रवारी ‘मराठी हाउस’ येऊ लागलं, आणि त्यातल्या निम्म्यात मराठीचा उपयोग लग्नाच्या फेट्यासारखा केलेला असतो. दोन तासांसाठी भाड्याने आणलेला.

इंग्रजीत गाणाऱ्या आपल्या इंडीवाल्यांना पत्ता नाही, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. प्रतीक कुहाडचं ‘कोल्ड/मेस’ २०१९मध्ये ओबामांच्या आवडीच्या यादीत गेलं म्हणून मोठं झालं, असं लोक समजतात. त्याच्या कितीतरी आधी ते आपल्याच शहरांतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, तिघांत एक बाथरूम असलेल्या, खिडकीला पडद्याऐवजी चादर लावलेल्या खोल्यांत वाजत होतं. घर सोडून नोकरीच्या गावी आलेल्या मुलामुलींची आपसांतली भाषा इंग्रजीच होते, त्याला कोण काय करणार? तोही पत्ता आहे, फक्त त्यावर मतदार यादीत नाव नाही. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीच्या ‘बिस्मिल्ला’त तर ट्रम्पेट अशी येते, की वरात कोपऱ्यावरून वळून गेल्यावर मागे राहिलेला एकटा बँडवाला आठवावा. गाणं इंग्रजीत, पण त्याचा घाम दिल्लीचाच आहे.

आणि हनुमानकाइंड? मूळचा मलप्पुरमचा, वाढला ह्यूस्टनमध्ये, इंग्रजीचा हेल थेट टेक्सासचा. २०२४च्या ‘बिग डॉग्स’मध्ये केरळचा एकही शब्द नाही. तरी तो व्हिडिओ पोन्नानीत, मौत का कुआँमध्ये केलेला. लाकडी फळ्यांच्या विहिरीच्या भिंतीवरून मोटारी गरगरतात आणि हा बुडाशी उभा राहून बोलतो. कलमी या निर्मात्याचा बीट त्या फळ्यांखालून येत असावा असा वाटतो. तो हेल अस्सल की उसना यावर लोकांनी पानंच्या पानं भरली. मला विचाराल तर तो मुलगा जिथे जिथे राहिला, तिथले तिथले सगळे पत्ते त्याने एकाच पाकिटावर लिहिले आहेत, आणि पत्र पोचलंय.

२०२५च्या उन्हाळ्यात व्हेल्व्हेट सनडाउन नावाच्या एका बँडला स्पॉटिफायवर महिन्याला दहा लाखांहून जास्त श्रोते मिळाले. नंतर कळलं, की असा बँड नाहीच, गाणी कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली आहेत. लोक हादरले. मी ती गाणी ऐकली होती. वाईट नव्हती. सत्तरच्या दशकातल्या अमेरिकेची असावीत अशी उबदार गिटार, धुरकट गळा, सगळं जागच्या जागी. फक्त गाणारा कुठे राहतो, खिडकीबाहेर काय आहे, शेजारी कोण खोकतंय, कशाचाच पत्ता नव्हता. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर माणसांनी केलेली अशी गाणी मी दर शुक्रवारी डझनाने ऐकते. यंत्राने ती चाल काही हवेतून उचलली नाही.

भांडुपच्या मुलाचं घर आता पुनर्विकासात गेलंय. बिल्डर भाडं देतोय, कुटुंब कळव्याला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलं. पत्रा नाही, पोटमाळा नाही. आजीला वेगळी खोली मिळाली. परवा त्याने नवं गाणं पाठवलं, त्यात आवाज मोकळा सुटलाय आणि मला तो अजून नीट ओळखीचा वाटत नाही. आणि पाठवलं ते शुक्रवारी नव्हे. गणपतीआधी मंडळाच्या पोरांना द्यायचं आहे, म्हणून घाई. गाण्यात आकडा कुठलाच नव्हता. मी फोन करून विचारलं, आता ७८ की कळव्याचा?

“ताई, अ‍ॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं आहे,” तो म्हणाला. “बिल्डर बोलतो तीन वर्षं, दादा बोलतो सात. तोपर्यंत मी जागा रिकामी ठेवलीय, नंतर डब करून टाकीन. तुम्ही बेसचं सांगा ना, रिक्षात ऐकलं का?”